उकिरड्याचे पांग

ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला डेड हॉर्स बे नावाची खाडी आहे. नावात अतिशयोक्ती अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून न्यूयॉर्क शहरातले मेलेले घोडे इथल्या कारखान्यांत यायचे, त्यांचं खत आणि सरस व्हायचं आणि उकळून उरलेली हाडं पाण्यात जायची. पुढे मोटारी आल्या, घोडे संपले, कारखाने बंद पडले आणि त्याच दलदलीत शहराचा कचरा पडू लागला. १९५०च्या दशकात त्या कचऱ्यावर मातीचं पांघरूण घातलं गेलं. ते टिकलं नाही. तेव्हापासून समुद्र किनारा कुरतडतोय आणि ओहोटीला जमिनीच्या पोटातून काच बाहेर पडतेय: औषधाच्या, शाईच्या, ब्लीचच्या, कोल्ड क्रीमच्या बाटल्या. शहरातले हौशी लोक पिशव्या घेऊन इथे हिंडायचे. २०२०मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने हा किनारा बंद केला, कारण कचऱ्यात रेडियमचा लेप असलेल्या जुन्या वस्तू निघाल्या होत्या.

आमच्या वाट्याला आली ती बंदीची पाटी. एडिसनहून गाडी चालवत आलेली भाचेसून पाटी वाचून म्हणाली, "मामा, लोक अमेरिकेत येऊन नायगारा बघतात. तुम्ही कचरा बघायला निघालात, आणि तोही बंद निघाला!"

टोला बरोबर बसला. पण कचरा हाच या प्रवासाचा विषय होता. जुन्या बाटल्या आणि फ्लास्क जमिनीतून उकरून काढणाऱ्या माणसांचा एक मुलूख आहे. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फिया, तिथून डेलावेअर नदी ओलांडून दक्षिण न्यू जर्सी. अमेरिकेत काचेचा धंदा पहिल्यांदा ज्या भागात तगला, तोच हा पट्टा.

परतीच्या वाटेवर ब्रुकलिनच्या फुटपाथवर वयस्क चिनी बायका हातगाड्या ढकलत होत्या. गाडीवर माणसाच्या उंचीच्या पारदर्शक पिशव्या, आत रिकामे डबे आणि बाटल्या. न्यूयॉर्क राज्यात १९८३पासून सोड्या-बिअरच्या बाटलीवर ५ सेंट अनामत आहे आणि ती गोळा करून कित्येक म्हातारी माणसं चार पैसे मिळवतात. पाणी ओलांडून न्यू जर्सीत शिरलं की ही अनामतही नाही आणि या गाड्याही नाहीत. तिथे बाटली पुनर्वापराच्या डब्यात टाकायची आणि विसरून जायची.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे विसरणं जमत नाही. दवाखान्यात जाताना बाटली घरूनच न्यायची, कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरणार आणि वर कापलेल्या कागदाची मात्रा दाखवणारी पट्टी चिकटवणार. औषध संपलं की त्याच बाटलीत खोबरेल. तिचं तोंड फुटलं की रॉकेल. आणि अगदीच निकामी झाली की बाटलीवाल्याकडे. मुंबईत हा धंदा इतका जोरात होता की सर जमशेटजी जीजीभॉय यांची उमेदवारी मामाच्या रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात झाली. मोठेपणी त्यांनी जहाजांवर जहाजं पाठवली, पण सुरुवात बाटलीपासून. अशा गावात बाटली मरतच नाही. आणि मरत नाही म्हणून पुरली जात नाही.

फिलाडेल्फियात ती ढिगाने पुरली गेली.

जुन्या फिलाडेल्फियात विटांची चिंचोळी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पुढे दोन-तीन पायऱ्या, मागे रुमालाएवढं परस. संध्याकाळी पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात आणि अनोळखी माणसाला "कसं काय?" विचारतात, उत्तराची अपेक्षा मात्र नसते. पुण्यात उलटं आहे. अनोळखी माणसाला कुणी विचारत नाही, पण विचारलं तर पूर्ण उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही.

या परसांच्या कोपऱ्यात विटांनी बांधलेले गोल खड्डे आहेत. विहिरी वाटतात, पण बहुतेक जुने संडास. काही वीस फुटांपर्यंत खोल. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात घरटी असा खड्डा असे. मैला काढून शेतात नेणारी माणसं रात्री येत. नळ आणि गटारं आली तसे हे खड्डे बाद झाले आणि घराघराने त्यांत केरकचरा लोटून ते बुजवले. फुटके कप, कोळशाची राख, कालवांच्या शिंपल्या आणि बाटल्या. अंधारात जिन्नस टाकायला याहून सोयीची जागा नव्हती, त्यामुळे जे कुणाला दिसायला नको होतं तेही इथेच पडलं.

आपल्याकडे वाड्यांत टोपलीचे संडास होते. त्या टोपल्या माणसांच्या डोक्यावरून वाहिल्या जात. ज्या टोपलीला रोज कुणाचा तरी हात लागणार, तिच्यात घरातलं गुपित टिकत नाही. आपल्या मध्यमवर्गीय इतिहासात ही टोपली वाहणारी माणसं जितक्या सफाईने गाळली आहेत, तितकी सफाई त्या काळच्या बोळांत कधी नव्हती. असो.

ज्या परसात आम्हाला बघायला बोलावलं होतं, तिथे दोघं खणत होते. एक साठी उलटलेला, उभा जन्म नळकामात घालवलेला, दुसरा शाळेत इतिहास शिकवणारा. घर एका तरुण जोडप्याचं. करार तोंडी पण पक्का होता. सापडेल त्यातलं निम्मं घरमालकाचं, आणि संध्याकाळी परस होतं तसं करून द्यायचं. खणण्याआधी त्यांनी हिरवळीचे चौकोनी तुकडे कापून एका बाजूला ओळीने मांडले, माती पडायला ताडपत्री पसरली, शेजारणीला आवाजाबद्दल आधीच कल्पना दिली. आमच्याकडे रस्ता खणणाऱ्यांना हे दोघं एक आठवडाभर तरी उसने द्यावेत.

खड्डा कुठे आहे हे कळतं कसं? पहिला आधार विमा कंपन्यांच्या जुन्या नकाशांचा. आगीच्या विम्यासाठी काढलेल्या या नकाशांत घराबरोबर मागच्या खोपटांच्याही जागा दाखवलेल्या असतात. दुसरा आधार हातातल्या सळईचा. आडव्या मुठीची ही लांब पोलादी सळई जमिनीत दाबत जायची. कोऱ्या मातीत ती अडते, भरावात सुळकन जाते. राखेत शिरली की चुरचुर लागते. विटेला टेकली तर ठणका मनगटात येतो, आणि काचेला टेकली तर निराळाच. नळकामवाल्याने सळई माझ्या हातात दिली. मला सगळीकडे माती लागली.

वरचे चार-पाच फूट नुसता राडारोडा. मग करडी राख. मग शिंपल्यांचा थर, आणि त्याखाली काळी, भुसभुशीत, लोण्यासारखी कापली जाणारी माती. ही कशाची झाली आहे ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. दीडशे वर्षांत वास उडून जातो. चाळणीत द्राक्षाच्या आणि अंजिराच्या बिया येत होत्या. इथून पुढे कुदळ बंद आणि लहान खुरपं सुरू. तिपाईला बांधलेल्या कप्पीवरून बादल्या वर येत होत्या. शिक्षक ताडपत्रीवर बसून प्रत्येक गोष्टीची खोली वहीत टिपत होता.

पहिली आली ती बोटभर उंचीची, फिकट निळसर, गोल नळकांडी. वाळूत लोह असलं की काचेला हा रंग आपोआप येतो; काच पांढरी करायला मुद्दाम खटपट आणि खर्च करावा लागतो, म्हणून जुनी स्वस्त बाटली बहुधा निळसरच. अंगावर उठावाची अक्षरं होती: मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. दात येताना किरकिरणाऱ्या बाळांना देण्याचं हे औषध घराघरात होतं. त्यात मॉर्फीन असे. बाळ शांत होई, काही कायमची. १९०६च्या कायद्याने अशा औषधांवर अफू, मॉर्फीन, मद्य यांचं प्रमाण छापणं सक्तीचं झालं, तेव्हा आयांना कळलं की आपण काय पाजत होतो. त्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया पाठीमागे तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत होत्या. त्या गोळीला बाटली नव्हती, म्हणून तिची खूण कुठल्या खड्ड्यात मिळायची नाही.

मग बिटर्सच्या बाटल्यांचे तुकडे निघाले. पोटासाठी कडू काढा म्हणून विकल्या जाणाऱ्या या औषधांत मद्य भरपूर. हॉस्टेटर नावाच्या प्रसिद्ध बिटर्समध्ये तर ते व्हिस्कीच्या तोडीचं होतं. दारूला हात न लावण्याची शपथ घेतलेली कुटुंबं हा काढा चमचा चमचा नव्हे, पेला पेला घेत. शिक्षक म्हणाला की ज्या घराचा मालक मद्यपानविरोधी सभेचा पदाधिकारी होता, अशा घरांचे खड्डे तो आधी निवडतो.

दुपारी फ्लास्क आला.

पाइंटभर दारू मावेल असा, चपटा, कोटाच्या खिशात बसणारा. अंगावरचा चिखल अंगठ्याने पुसला तशी एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टनची मुद्रा उमटली आणि दुसऱ्या बाजूला जनरल झॅकरी टेलरची, भोवती अक्षरं: जनरल टेलर कधी शरण जात नाही. मेक्सिकोचं युद्ध जिंकून हा सेनापती १८४८मध्ये अध्यक्षपदी निवडून आला, तेव्हा त्याच्या नावाने दारू खपली आणि दारूने त्याचं नाव खपवलं. फ्लास्कचा एक खांदा मात्र फुटलेला होता. नळकामवाल्याने तो हातात फिरवला, बुडाखालचा खरबरीत व्रण मला दाखवला आणि ताडपत्रीवर ठेवून पुन्हा खाली उतरला. नव्वद टक्के असंच असतं, इतकंच म्हणाला.

तो व्रण ओळखता आला की या छंदाची बाराखडी आली म्हणायची. फुंकणीवरची काच साच्यात फुगवून झाली की तिचं तोंड घडवण्यासाठी बुडाला एक लोखंडी दांडा चिकटवत. काम संपल्यावर दांडा झटक्याने तोडत, आणि तिथे व्रण राही. संग्राहक याला पॉन्टिल म्हणतात. १८६०च्या सुमारास बाटली पकडायचा चिमटा रुळला आणि व्रण जवळपास गेला. दुसरी खूण साच्याच्या शिवणीची. ती मानेपर्यंत येऊन थांबत असेल तर ओठ हाताने घडवलेला. शिवण थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे बहुधा १९०३मध्ये मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र आल्यानंतरची. कारागिराचा हात कुठे सुटला, ते काच सांगते.

पुरातत्त्वज्ञांना हा छंद मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. फिलाडेल्फियातच म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनच्या जागेवर इमारतीआधी रीतसर उत्खनन झालं. विटांचे डझनभर खड्डे आणि विहिरी, ८०,०००हून अधिक वस्तू. २०१७मध्ये उघडलेल्या त्या संग्रहालयात एक फुटून सांधलेला मोठा वाडगा आहे, त्यावर जहाजाचं चित्र आणि ट्रायफिना हे नाव. तो ज्या खड्ड्यात मिळाला त्यात पेले आणि बाटल्या इतक्या होत्या की संशोधकांनी न्यायालयाची जुनी कागदपत्रं चाळली, आणि त्या घरातल्या मेरी हम्फ्रीज या बाईला १७८३मध्ये बेकायदा गुत्ता चालवल्याबद्दल अटक झाल्याचं निघालं. एक खड्डा, एक बाई, एक खटला. हे जुळलं, कारण कुठली वस्तू कुठल्या थरात होती याची नोंद होती. हौशी माणूस सुंदर बाटली उचलतो, उरलेला थर परत लोटतो आणि ती साखळी तुटते. संघराज्याच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीविना उकरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी परसात मात्र मालकाच्या संमतीने चालतं. शिक्षकाची वही पाहिल्यावर वाटलं, भांडण छंदाशी कमी आणि आळसाशी जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका साध्या खानावळीत स्क्रॅपल खाल्लं. डुकराच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे मक्याच्या पिठात शिजवून त्याची वडी थापायची आणि कोथिंबीर वडीसारखी कापून तव्यावर खरपूस परतायची. जर्मन शेतकऱ्यांनी आणलेला हा पदार्थ आहे. वाढणारी बाई प्रत्येक फेरीला कॉफी ओतून जात होती आणि आम्हाला "हनी" म्हणत होती. भाचेसुनेला या राज्यात हे कधीच खटकलं नाही. मला पहिल्या दोन पेल्यांपर्यंत जरा संकोच वाटला.

तिथून केन्झिंग्टन. नदीकाठी आता आय-९५ महामार्गाचे खांब आहेत. त्याच पट्ट्यात थॉमस डायट याची काचभट्टी होती, आणि महामार्गाच्या कामाआधीच्या उत्खननात तिचे पाये आणि काचेचा खच सापडला. या गृहस्थाची गोष्ट कादंबरीत घातली तर संपादक परत पाठवील. १८०५च्या सुमारास इंग्लंडहून आला, बुटांचं काळं पॉलिश विकलं, मग औषधं विकू लागला आणि पदवी नसताना नावामागे एम.डी. लावलं. औषधांना बाटल्या लागतात म्हणून काचेत शिरला आणि बघता बघता भट्टीचा मालक झाला. वस्तीचं नावही डायटव्हिल. तिथे शेकडो कामगार आणि उमेदवार पोरं, त्यांना शाळा, प्रार्थना, आणि दारूला कडक बंदी. १८३३मध्ये त्याने आपल्या या नैतिक कारखान्याची महती सांगणारी पुस्तिकाही छापली. आणि या दारूबंदीच्या वस्तीत बनत काय होतं? व्हिस्कीचे फ्लास्क.

त्यातला एक फ्लास्क आज संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे. एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन, दुसऱ्या बाजूला स्वतः टी. डब्ल्यू. डायट, एम.डी. फ्रँकलिनने आकाशातली वीज आणि जुलम्यांचा राजदंड हिसकावला, अशा अर्थाचं लॅटिन वचन कडेला. शहराच्या सगळ्यात थोर पुरुषाच्या पाठीला पाठ लावून स्वतःची छबी काचेत ओतण्याची ही हिंमत! पुढे डायटने बँक काढली, १८३७चं आर्थिक संकट आलं, बँक बुडाली, आणि दिवाळखोरीत लबाडी केल्याबद्दल त्याला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरीत जावं लागलं. तो तुरुंग आज तिकीट काढून बघता येतो. अल कपोनची कोठडी बघायला रांग असते. डायटची कुणी विचारत नाही. सुटून आल्यावर तो पुन्हा औषधं विकू लागला आणि १८६१मध्ये वारला. टेलरचे फ्लास्क त्याच्या भट्टीचे, पण काढले ते नंतरच्या मालकांनी.

नदीपलीकडे देखावा बदलतो. सपाट रेताड जमीन, पाइनची झाडी, अधूनमधून टोमॅटो, मका आणि ब्लूबेरीची शेतं. रस्त्याकडेला शेतकरी टेबल मांडून निघून गेलेला असतो. भाव पाटीवर, पैसे डब्यात. भाचेसुनेने टोमॅटो घेतले, सुटे नव्हते म्हणून एक डॉलर जास्तच टाकला. लासलगावला असा डबा ठेवला तर काय होईल, यावर गाडीत बराच वेळ चर्चा रंगली. मतं विभागली गेली.

काच इथे आली ती याच रेतीमुळे. सिलिका पायाखाली, जळण झाडीत, माल न्यायला ओढे आणि नदी, आणि पलीकडे फिलाडेल्फियाची बाजारपेठ. ग्लासबरो हे गावच काचेपायी वसलं. १७७९मध्ये स्टँगर भावांनी इथे भट्टी घातली, पुढे व्हिटनी घराण्याने ती वाढवली. इथलीच ती प्रसिद्ध घराच्या आकाराची बाटली: ई. जी. बूझची ओल्ड केबिन व्हिस्की. छपराची उतरण, दार, खिडक्या, आणि छपरावर १८४०. बाटली प्रत्यक्षात त्यानंतर वीसेक वर्षांनी निघाली असं आता मानतात.

ही बाटली बाजारात पावलोपावली दिसते, आणि इथेच नवखा फसतो. शेजारच्या क्लेटन गावात १९३०च्या दशकातल्या मंदीत क्लेव्हेंजर बंधूंनी भट्टी सुरू केली आणि जुन्या बाटल्यांच्या नकला फुंकल्या. बूझची बाटली, गायिका जेनी लिंडच्या मुखवट्याचा फ्लास्क. हेतू फसवण्याचा नव्हता, पोटाचा होता. त्या हातानेच फुंकल्या गेल्या, त्यामुळे बुडाचा व्रणही खरा. आता त्या नकलांनाही नव्वद वर्षं होत आली आणि क्लेव्हेंजरचेच संग्राहक तयार झाले आहेत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, इथे नकलेचेही फिटले.

पश्चिमेकडे सेलम काउंटीत काउटाउन नावाचा बाजार भरतो. रस्त्यावर भलाथोरला काउबॉयचा पुतळा, आत मोजे, लोणची, पाना-पक्कड, तलवारी, पोपट. पुण्याच्या जुन्या बाजाराची सवय असलेल्याला इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त घासाघीस निराळी. विक्रेता भाव चिठ्ठीवर लिहून ठेवतो. घेणारा हळूच विचारतो, इतक्याला द्याल का? एकदाच. नाही म्हटलं की आभार मानून चालू पडायचं. "राहू दे मग" म्हणून चार पावलं जायचं आणि मागून हाक यायची वाट बघायची, हा आपला हातखंडा प्रयोग इथे वाया गेला. हाक आलीच नाही.

टेबलाटेबलावर मेसन जार. जॉन लँडिस मेसनने काचेच्या बरणीला आटे पाडून वर पत्र्याचं झाकण बसवलं आणि अमेरिकेची लोणची-मुरांबे वाचवले. बरणीवर ३० नोव्हेंबर १८५८ ही तारीख असते. ती पेटंटची, बरणीची नव्हे. पेटंटची मुदत संपल्यावरही पुढे अनेक दशकं कंपन्या तीच तारीख उमटवत राहिल्या. विक्रेता अर्थात ती बोटाने दाखवून भाव सांगतो. मेसन स्वतः १९०२मध्ये गरिबीत वारला.

या बाजारात हिंडताना दिनकर केळकर आठवतात. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय त्यांनी दिवे, अडकित्ते, कळशा, दौती असा घरगुती पसारा जमवून उभं केलं. त्यांनी खणलं नाही. ते वाड्यांत गेले, जुन्या बाजारात गेले, मोडीत निघण्याआधी वस्तू गाठली. आपल्याकडचा संग्राहक मोडवाल्याशी शर्यत लावतो, इथला संग्राहक मातीशी. पितळ, तांबं, लाकूड यांना केळकर भेटले. साध्या काचेच्या बाटलीला अजून कुणी त्या तोलाचं भेटलेलं दिसत नाही.

अलॉवे गावाजवळ शेतं आहेत आणि एक पाटी. इथे १७३९मध्ये कॅस्पर विस्टरने काचभट्टी काढली. तो जर्मनीतून १७१७मध्ये आला, पितळी बटणं बनवून श्रीमंत झाला आणि मग जर्मन कारागीर आणवून त्याने खिडकीच्या तावदानांपासून बाटल्यांपर्यंत सगळं काढलं. वसाहतींनी माल इंग्लंडचाच घ्यावा, असं तेव्हाच्या राज्यकर्त्यांचं धोरण होतं. आपल्या तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची किंवा ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली कळ वेगळी सांगायला नको. विस्टरच्या मालावर सही-शिक्का नव्हता. त्यामुळे आज एखादी बाटली त्याचीच, हे छातीठोकपणे सांगणं अवघड, आणि या जागेवर मिळालेल्या काचेच्या खापऱ्यांना अख्ख्या बाटलीहून अधिक मोल. पत्ता असलेला तुकडा बिनपत्त्याच्या नगाला भारी पडतो.

मिलव्हिलला व्हीटनआर्ट्समध्ये अमेरिकन काचेचं संग्रहालय आहे, आणि शेजारी १८८८च्या भट्टीची प्रतिकृती. तिथे कारागीर फुंकणी फिरवत बसतो, लालभडक गोळा मधासारखा लोंबतो, तो सावरतो आणि गप्पा मारतो. संग्रहालयात माणसापेक्षा उंच बाटली उभी आहे, फोटोसाठी पोरांची गर्दी तिथेच. फ्लास्कांचं कपाट मात्र निवांत. गरुड, धान्याचं शिंग, फ्रीमेसन मंडळाची चिन्हं, घोडा ओढत असलेला आगगाडीचा डबा. जॉर्ज आणि हेलन मॅकेरिन यांनी १९४१च्या ग्रंथात या फ्लास्कांची गटवार क्रमांकांनी जी वर्गवारी केली, तीच आजही चालते. संग्राहक माणसांची नावं विसरतात, हे क्रमांक नाही. निळा किंवा जांभळा असा अनवट रंग असेल, तर त्याच साच्यातल्या साध्या निळसर फ्लास्कच्या कित्येक पट किंमत येते. लिलावात लाख डॉलर ओलांडलेले फ्लास्क आहेत. आतली दारू तेव्हा काही सेंटांची होती.

त्या संध्याकाळी एका संग्राहकाने गॅरेज दाखवलं. मातीत राहून काचेवर दुधी साय धरते. ती घालवायला तो बाटलीत तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिशची पूड भरतो आणि ती यंत्रावर दिवसचे दिवस गरागरा फिरवत ठेवतो. मला ती न धुतलेलीच आवडली, पण बाजाराचं मत वेगळं आहे. फळीच्या टोकाला एक ओळखीची मान दिसली. खांद्याला दोन खाचा, आत काचेची गोळी. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७०च्या दशकात पेटंट घेतलेली बाटली. त्याला ती इंग्लंडमधल्या एका खणणाऱ्याने पाठवली होती आणि तो तिला अप्रूप म्हणून जपत होता. तिथली पोरं आतली गोळी खेळायला मिळावी म्हणून बाटल्या फोडत, म्हणून धड नग कमी, हे त्याने सांगितलं. आमच्याकडे जत्रेत हिच्यातून गोटी सोडा अजून मिळतो, अंगठ्याने गोटी आत लोटायची, हे मी करून दाखवल्यावर तो काही क्षण बोलला नाही. मग त्याने विचारलं, तुमच्याकडची पोरं बाटल्या फोडत नाहीत का? फोडणार कशी? सोडा गाड्यापाशी उभं राहून प्यायचा आणि बाटली तिथेच परत करायची, सोडावाल्याची नजर शेवटच्या घोटापर्यंत बाटलीवर.

पुढे त्याने विचारलेल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नव्हती. महाराष्ट्रात कुठल्या गावात कुणाचा सोडा होता? बाटलीवर नाव असे का? पालनजी १८६५पासून, ड्यूक्स १८८९पासून ही मुंबईची मोठी नावं मी सांगितली. तालुक्यातालुक्यातले छोटे सोडावाले मात्र कुणी लिहून ठेवलेले माझ्या माहितीत नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. गावाकडे माळा आवरताना जुनी सोड्याची, औषधाची, शाईची बाटली हाती आली तर भंगारात घालण्याआधी तिचं बूड आणि शिवण बघा, उठावाची अक्षरं असतील तर उतरवून घ्या. बाटली कुठल्या घरातली, कुठल्या दुकानातून आलेली, कुणाच्या दुखण्यासाठी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद बाटलीतच ठेवा. बाटली कुणाला दिलीत तरी चालेल, कागदासकट द्या.